कडेच्या छत्तीस वाट्या

साडेबारा वाजले आणि शिंचूतल्या त्या चिप बनवणाऱ्या ऑफिसातले दिवे रोजच्यासारखे मालवले गेले. माणसांनी टेबलाखालून घडीच्या खाटा ओढल्या. कुणी चादर डोक्यावरून घेतली, कुणी टेबलावरच हातांवर डोकं टेकलं. दीडपर्यंत कुणी मोठ्यानं बोलत नसे. खिडकीजवळची एक खाट मात्र महिनाभर घडी करून भिंतीला उभी होती. ती पेंग-सानची. तिला कुणी हात लावला नव्हता, आणि ती इथून हलवा असंही कुणी म्हणालं नव्हतं.

तसे पेंग-सान त्या खाटेवर क्वचितच झोपत. दुपारच्या अंधारात ते पाचव्या आणि सहाव्या मजल्यामधल्या जिन्यात जाऊन बसत आणि नव्यानं लागलेली माणसं एकेक करून तिथे येत. दिवे असताना जे विचारायची लाज वाटते ते तिथे विचारायचं, असा रिवाज होता. जिन्यात बोलणं झालं की पेंग-सान तो प्रश्न एका फाइलमध्ये उतरवून ठेवत. नियम एकच होता: विचारणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव नाही तर उत्तर नाही.

फाइलमध्ये दोनशे तेरा प्रश्न होते. पहिला असा: डिजिटल आणि अॅनालॉग यांत फरक काय? उत्तर: ‘डिजिटलला विचारायचं, आहे की नाही. अॅनालॉगला विचारायचं, किती आहे. पहिला चुकला की लगेच दिसतो. दुसरा नेहमीच थोडासा चुकतो. किती चुकायची मुभा आहे ते आधी ठरवून ठेवावं.’ सतरावा: ग्राउंड खरंच शून्य असतं का? ‘नसतं. सगळ्यांनी मिळून शून्य मानलेली ती जागा. एकानं तिच्यात जास्त करंट ओतला की बाकीच्यांचाही शून्य हलतो.’ अठ्ठ्याऐंशीवा: सिम्युलेशनमध्ये चाललं ते चिपमध्ये का चाललं नाही? ‘सिम्युलेशनला जेवढं सांगितलं तेवढंच ते जाणतं.’ या प्रश्नाखाली वेईचं नाव होतं. तेव्हा तो नवशिका होता. आता सगळ्या टीमचा साहेब होता.

पेंग श्याओयुनचं नाव त्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. ती त्याच ऑफिसात नऊ वर्षं होती, डिजिटलच्या बाजूला. पेंग द-हुआन तिचे वडील. पण ऑफिसात तीही त्यांना चारचौघांसारखं पेंग-सानच म्हणे. कॉलेजात असतानाच तिनं डिजिटल निवडलं होतं. कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की डिजिटलमध्ये नोकऱ्या जास्त. खरं कारण असं की तिथे कुणी तिला बापाच्या मापानं मोजलं नसतं. घरी जेवताना कामाचा विषय निघत नसे. जिन्यात ती एकदाही गेली नाही. पेंग-सानची पोरगी नवशिक्यांच्या रांगेत उभी राहिलेली तिला स्वतःलाच बघवली नसती.

पेंग-सान सप्टेंबरात गेले. रविवारी सकाळी बाजारातून आले, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले ते उठले नाहीत.

त्यांच्यामागे त्यांचं एक काम अर्धवट म्हणावं असं राहिलं होतं. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानातल्या यंत्रासाठी कंपनी एक चिप करत होती. बाहेरचा आवाज आत येतो तो अॅनालॉग. त्याचं वजन करून आकडे करायचे, मग पुढचं सगळं डिजिटल. हे वजन करणारा तुकडा पेंग-सानचा. तराजूच्या वजनांसारख्या त्यात विजेच्या इवल्या वाट्या होत्या: एक, दोन, चार, आठ, अशा जोडत गेलेल्या, एकूण चौसष्ट. आडव्या आठ रांगा, उभ्या आठ. सगळ्या वाट्या हुबेहूब सारख्या असल्या तरच वजन खरं. तुकडा तपासून झाला होता, फक्त शेवटची सही राहिली होती. अॅनालॉगचा दुसरा माणूस वसंतातच मोठ्या कंपनीत गेला होता, त्यामुळे सही करायला कुणी उरलं नव्हतं.

पुढचं, आकडे झाल्यानंतरचं काम श्याओयुनचं. वारा ओळखून तो गप्प करणारा एक भाग तिनं दोन वर्षं खपून केला होता. शिंचूत ऑक्टोबर लागला की वारा असा सुटतो की कानात यंत्र घालणारी म्हातारी माणसं ते काढून खिशात ठेवतात. तिचा भाग बत्तीस प्रकारचा वारा ओळखत असे. गिऱ्हाइकाला तो फार आवडला होता. अडचण एवढीच की तेवढं लक्षात ठेवायला जागा लागत होती.

गुरुवारी वेईनं तिला बोलावलं. त्याच्या मागे सर्व्हरचं कपाट होतं आणि कपाटाच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवलेली होती, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच लागते, आणि तिची तारीख उलटता कामा नये. तारखेवर वेईची स्वतःची नजर असे.

“बारा मायक्रॉन कमी पडतायत,” वेई म्हणाला. “बुधवारी दुपारी बारापर्यंत आराखडा फॅक्टरीत गेला पाहिजे. चिप छापायची वेफरची चकती आपण एकट्यानं घेतलेली नाही, वडापच्या जीपमध्ये बसल्यासारखे आठ जण आहोत. सीट वाढवून मिळणार नाही आणि गाडी थांबणारही नाही.”

“बारा म्हणजे केसाच्या जाडीचा सहावा हिस्सा.”

“केस कापून भागणार असेल तर माझे घे. तसेही फार राहिले नाहीयेत.” तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “पेंग-सानच्या तुकड्यात काही निघतं का बघ. तूच बघ. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावायला सांगायला मला बरं वाटत नाही.”

शुक्रवारी तिनं वडिलांचा आराखडा उघडला. असा तो तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. मधोमध चौसष्ट वाट्यांचा चौकोन, आणि त्याला चारी बाजूंनी वेढून आणखी एक रांग. तिनं मोजल्या: छत्तीस. या छत्तीस वाट्यांच्या तारा कुठेच जात नव्हत्या. दोन्ही टोकं ग्राउंडला बांधून टाकलेली. त्यांत काही भरत नव्हतं, त्यांतून काही निघत नव्हतं. चौसष्ट वाट्या काम करत होत्या आणि छत्तीस नुसत्या उभ्या होत्या. हे कडं काढलं तर दोन्ही बाजूंनी सहा-सहा मायक्रॉन सुटत होते. बरोबर बारा.

तिनं वडिलांच्या फाइलमध्ये शोधलं. या कड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. लेआउटचं काम श्यु युए-थाव बघायच्या, अख्खं ऑफिस त्यांना थाव मावशी म्हणे. पण त्या रजा टाकून शिनपूला भावाच्या बागेत गेल्या होत्या, तांबूस फळं सोलून वाऱ्यावर वाळत घालायला. फोन करता आला असता. श्याओयुननं फोन हातात घेतला, आणि काय विचारायचं हे मनात जुळवताना तिला ते वाक्य ऐकू आलं: मावशी, हे कशासाठी असतं? पेंग-सानच्या पोरीनं विचारायचं. तिनं फोन खाली ठेवला.

तिनं कड्यासकट सिम्युलेशन चालवलं, कडं काढून चालवलं. रेषेवर रेषा बसली. नियमांची तपासणी केली, एकही चूक नाही. संध्याकाळी सहा वाजता तिनं कडं काढून टाकलं, मोकळी जागा स्वतःच्या वाऱ्याला दिली आणि खाली सही केली.

*

रविवारी वडिलांचा पाचवा आठवडा भरत होता. त्यांच्याकडे तो दिवस लेकीचा. त्या दिवशीचा नैवेद्य लेकीच्या हातचा लागतो. आईनं आदल्या दिवशीच शेंगदाणे वाटून, रताळ्याच्या पिठात शिजवून, चौकोनी डब्यात ओतून ठेवले होते. म्हणजे हात आईचाच होता, पण कापायला लेकीला सांगितलं, एवढ्यावर भागवायचं दोघींनी न बोलता ठरवलं होतं. रात्रभरात ते खरवसासारखं थिजलं होतं.

श्याओयुननं डब्याच्या कडेपासून सुरी घातली.

“अगं, तिथून काय सुरुवात करतेस?” आई म्हणाली. “आधी कडा काढ सगळीकडच्या.”

“कशाला? वाया जाईल.”

“कडेचा तुकडा मधल्यासारखा होतो का कधी? डब्याला लागून असतो तो आधी थंड होतो, आक्रसतो. एक बाजू उघडी असली की झालं. मधल्या वड्या कशा बघ, सगळ्यांना सगळीकडून शेजार आहे, म्हणून एकसारख्या.” आईनं तिच्या हातातली सुरी घेतली आणि चारी बाजूंची बोटभर पट्टी सरळ काढून टाकली. “आता काप. मग ताटात एक मोठी एक लहान असं दिसत नाही.”

काढलेल्या कडा आईनं निळ्या काठाच्या वाडग्यात घातल्या, वर सोया सॉस आणि आल्याचा कीस टाकला आणि वाडगा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. तिथे वडील बसत. कडा नेहमी त्यांच्या असत. ठेवून झाल्यावर आईच्या ध्यानात आलं. तिनं वाडगा उचलला नाही. त्याच्याकडे पाठ करून ती उदबत्त्या शोधायला लागली.

श्याओयुन सुरी हातात धरून उभी राहिली. पाटावर मधले तुकडे होते, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे सारखे. भटजींची गाडी खाली आल्याचं शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा तिनं उरलेले तुकडे कापले. मंत्र चालू असताना तिनं तीनदा चुकीच्या वेळी डोकं टेकलं, आणि धाकट्या आत्यानं तिला कोपर मारून सावध केलं.

*

सोमवारी दिवे मालवल्यावर ती थाव मावशींच्या खाटेपाशी गेली. मावशी त्याच सकाळी रजेवरून परतल्या होत्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून पडल्या होत्या. त्यांनी दहावीनंतर तांत्रिक शाळेत नकाशे काढायला शिकून या धंद्यात पाऊल टाकलं होतं आणि तीस वर्षं चिपचे आराखडे हातानं बसवत आल्या होत्या. पेंग-सान आकडे ठरवत, मावशी जागा.

“मावशी.”

“झोपलेय मी.”

“एक विचारायचंय.”

मावशींनी पट्टी एका डोळ्यावरून वर केली. “काय गं? रडायचंय का? रडायचं असेल तर जिन्यात चल, इथे लोकांची झोप मोडेल.”

“रडायचं नाही. पण जिन्यातच चला.”

जिन्यात वारा खिडकीच्या फटीतून शिट्ट्या घालत होता. मावशी पायरीवर बसल्या, खिशातून वाळवलेलं फळ काढून अर्धं तिच्या हातावर ठेवलं. श्याओयुन उभीच राहिली. नऊ वर्षांत या पायरीवर किती जण बसले असतील, याचा तिला अंदाज नव्हता. फाइलमध्ये मोजता आले असते.

“त्या चौसष्ट वाट्यांभोवती छत्तीस वाट्या आहेत,” ती म्हणाली. “कशालाच न जोडलेल्या. त्या कशासाठी असतात?”

मावशी चावायच्या थांबल्या. “हे तुला ठाऊक नाही?”

“नाही.”

“नऊ वर्षं झाली ना गं तुला इथे?”

“नऊ झाली.”

“आणि पेंग-सानच्या घरात जन्मलीस.”

“मावशी, उत्तर द्या नाहीतर मी जाते.”

“बस खाली. उभ्यानं विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.” ती बसली. “वाट्या आपण रेखाटतो, पण घडवतं आम्ल. ज्याच्या चारी बाजूंना शेजारी असतो, त्याला ते सगळीकडून सारखं खातं. ज्याची एक बाजू उघडी, त्याला त्या बाजूनं जास्त खातं. म्हणजे कडेची वाटी मधल्यांसारखी कधीच होत नाही. मग काय करायचं? आपल्या चौसष्टांतल्या कुणाला कडेला येऊच द्यायचं नाही. कडेला दुसऱ्याच उभ्या करायच्या. आम्लानं खायचं ते त्यांना खावं.”

“सिम्युलेशनमध्ये फरक दिसत नाही.”

“कसा दिसेल? आम्ल कुठे असतं त्यात?”

“फाइलमध्येही नाही हे. दोनशे तेरा प्रश्नांत नाही.”

“असेल कशाला! माझ्या बाकावर बसलेल्या पोरींना मी पहिल्या दिवशी हे सांगते, चहा कुठे मिळतो ते सांगायच्याही आधी. आणि तुम्ही डिजिटलवाले कधी आमच्याकडे वाकून बघत नाही. मग विचारणार कोण?” मावशींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “का विचारतेयस?”

“मी ते काढून टाकलंय. शुक्रवारी. सही करून.”

 मावशींनी उरलेलं फळ कागदात गुंडाळून खिशात घातलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “चल. साहेबांची झोप मोडू.”

वेई खाटेवर मोजे काढून झोपला होता. त्यानं अंधारात सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळत उठून बसला.

“थाव मावशी, पुरावा काय? दोन्ही रेषा एकावर एक बसतात, मी स्वतः पाहिल्यात. कडं ठेवलं तर बारा मायक्रॉन परत गेले. गिऱ्हाइकाला बत्तीस वारे हवेत.”

“पुरावा नाही माझ्याकडे,” मावशी म्हणाल्या. “तीस वर्षांत कडं न घालता एकही तुकडा पाठवला नाही आम्ही. मग पुरावा येणार कुठून?”

“म्हणजे नुसती सवय.”

“सवय म्हणा. साहेब, त्या सर्व्हरवर हिरवी पुडी ठेवता, ती कुठल्या सिम्युलेशनमध्ये दिसते हो?”

पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी चादरीत तोंड खुपसून हसलं. वेईनं पुडीकडे पाहिलं, श्याओयुनकडे पाहिलं.

“अठ्ठ्याऐंशी नंबर,” तो स्वतःशीच पुटपुटला. मग नीट बसला. “ठीक. पण गाडी थांबत नाही, बुधवार बारा म्हणजे बारा. कडं परत हवं असेल तर जागा तुझ्यातून काढायची. मेमरी अर्धी करावी लागेल. जमेल?”

“बत्तीसचे सोळा होतील.”

“दोन वर्षं लावलीस त्याला. गिऱ्हाइकाला काय सांगायचं?”

“सोळा म्हणून सांगा.”

“तुझ्या वडिलांसाठी करत असशील तर नको करू,” वेई हळू म्हणाला. “त्यांनाही ते आवडलं नसतं.”

“वाट्या सारख्या नसतील तर माझ्या वाऱ्याला चुकीचे आकडे येणार,” श्याओयुन म्हणाली. “मग बत्तीस ओळखले काय आणि चौसष्ट ओळखले काय.”

मंगळवारी दिवसभर तिनं कोणते सोळा वारे ठेवायचे ते ठरवलं. समुद्रावरून सरळ येणारा ठेवला, इमारतींच्या फटीतला ठेवला, स्कूटरवर बसल्यावर कानाला लागतो तो ठेवला. पंख्याचा टाकला. आगगाडी स्टेशनात शिरताना अंगावर येतो तो दोनदा टाकला आणि दोनदा परत घेतला, शेवटी टाकला. थाव मावशींनी छत्तीस वाट्या पुन्हा जागच्या जागी बसवल्या. बुधवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आराखडा गेला. सहीच्या जागी श्याओयुननं स्वतःचं नाव घातलं, शुक्रवारची सही खोडली, आणि खोडल्याची नोंद केली.

*

चिप परत आल्या तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता. थंडी होती, वारा पडला होता. मोजणीच्या खोलीत वेई, मावशी आणि श्याओयुन तिघं पडद्याकडे बघत उभी होती. चौसष्ट वाट्यांची वजनं एकामागून एक आली. मुभा होती त्याच्या पावपट चूक निघाली.

“उत्तम,” वेई म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “पण कडं लागलं असतं की नसतं, ते काही कळलं नाही.”

“नाही कळलं,” मावशी म्हणाल्या.

“कडं नसलेली एखादी करून बघितल्याशिवाय कळणारही नाही.”

“मग करा. खर्च तुमच्या पगारातून.”

वेई हसून गेला. मावशींनी सूक्ष्मदर्शकात चिप धरली आणि श्याओयुनला बघायला सांगितलं. चौकोन दिसत होता. त्यातल्या कडेच्या वाट्या कोणत्या आणि आतल्या कोणत्या हे वरून सांगता येत नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं जागा सोडली, कारण मागे दुसरी माणसं खोळंबली होती.

दुसऱ्या दिवशी दिवे मालवल्यावर ती लॅपटॉप घेऊन जिन्यात गेली. मावशींना आधीच बोलावून ठेवलं होतं. तिनं वडिलांची फाइल उघडली आणि खाली नवी ओळ घेतली. प्रश्न दोनशे चौदा. कशालाच न जोडलेल्या कडेच्या वाट्या कशासाठी असतात? विचारणाऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं: पेंग श्याओयुन, डिजिटल, दहावं वर्ष.

“दहावं वर्ष कशाला लिहितेस?” मावशी म्हणाल्या. “हसतील पोरं.”

“बाकीच्यांनी लिहिलंय, पहिला आठवडा, दुसरा महिना. तुम्ही उत्तर सांगा.”

“टाइप करायला लावू नकोस मला. मी बोलते, तू लिही. आणि आम्लाचं नीट लिही, परवा तू कुणाला तरी उलटं सांगत होतीस, मी ऐकलं.”

मावशी बोलत गेल्या, ती लिहीत गेली. उत्तर पाच ओळींचं झालं. त्यापुढे उत्तर देणाऱ्याचा रकाना होता. नवी ओळ घेतली की तिथे पेंग द-हुआन हे नाव फाइल आपोआप भरत असे. वडिलांनीच कधीतरी तशी सोय करून ठेवली होती, दर वेळी लिहायचा कंटाळा म्हणून. आत्ताही ते तिथे येऊन बसलं होतं.

तिनं त्या ओळीतलं नाव पुसून श्यु युए-थाव असं लिहिलं. फाइलची सोय काढून टाकायची की राहू द्यायची, हे ठरवायला तिला थोडा वेळ लागला. मावशी तोवर खिडकीची फट कागदानं बुजवत होत्या.

“झालं का गं?”

“झालं,” ती म्हणाली. सोय तिनं राहू दिली.

वर दिवे लागले. खाटा घडी केल्याचे आवाज जिन्यापर्यंत आले.